दवाखान्यातून आलेली घोडी लगेच गोठ्यात बांधू नका



दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार जवळ आला की ग्रुपवर घोड्यांचे प्रश्न वाढतात. यंदा दोन-तीन सभासदांनी एकच गोष्ट विचारली. घोडी पोटशूळाने किंवा पायाच्या जखमेने मोठ्या दवाखान्यात भरती होती, टाके सुकले, घरी आणली. आता गाई-म्हशींशेजारी बांधली तर चालेल का?

उत्तर आहे: *महिनाभर तरी नको.* कारण समजून घ्या, म्हणजे पाळायला सोपं जाईल.

घोडी बरी दिसते, खाते-पिते, ताप नाही. तरी तिच्या नाकात किंवा लिदीत असे जंतू असू शकतात ज्यांच्यावर नेहमीचं अँटिबायोटिक चालत नाही. तिला स्वतःला त्यांचा त्रास नसतो, ती फक्त ते वाहून आणते. त्रास होतो तो दुसऱ्या कुणाची जखम उघडी असली की. मग तो शेजारचा बैल असो, नाळ न सुकलेलं वासरू असो, नाहीतर घरातला मधुमेहाचा माणूस.

हे नुसतं अंदाजाने सांगत नाही. बेल्जियममध्ये घोड्यांच्या एका मोठ्या दवाखान्यात भरतीला आलेल्या 110 घोड्यांची नाकं तपासली. त्यात 12 घोड्यांत एमआरएसए सापडला. स्टॅफिलोकोकस नावाचा पू करणारा जंतू असतो, त्याचीच ही औषधाला दाद न देणारी जात. हा अभ्यास 2009 साली छापून आला. म्हणजे घोडा दवाखान्यात पाऊल टाकतानाच जंतू घेऊन आलेला असू शकतो, आणि तिथे शेजारच्या ठाणावरच्या घोड्याला देऊ शकतो. नेदरलँड्समध्ये उट्रेख्तच्या घोड्यांच्या दवाखान्यात तर हाच जंतू घोड्यांबरोबर कर्मचाऱ्यांच्या नाकातही मिळाला. माणसाकडून घोड्याला, घोड्याकडून माणसाला, असा दोन्हीकडून रस्ता आहे.

लिदीचं गणित वेगळं. घोड्याचं मोठं आतडं म्हणजे जंतूंचं गोदामच. इंजेक्शन सुरू झालं की औषधाला बळी पडणारे जंतू मरतात, न मरणारे उरतात आणि रिकामी झालेली जागा तेच भरून काढतात. म्हणून भरती असताना लिदीत अशा जंतूंचं प्रमाण वाढतं. घरी आल्यावर ते हळूहळू उतरतं, पण काही जनावरांत महिनोन् महिने टिकतं.

यावरून कुणी दवाखान्याला नावं ठेवू नका. आजारी जनावरं आणि औषधं जिथे एकत्र येतात तिथे हे होणारच. जनावर भरती करायला सांगितलं तर करा. काळजी घ्यायची ती परत आणल्यावर.

घोडीला वेगळं ठाण द्या, शक्यतो गोठ्यापासून लांब. बादली, गव्हाण, खरारा, लगाम, झूल तिचं तिलाच. आधी गाई-म्हशींचं, धारांचं काम उरका, घोडीकडे शेवटी जा. तिच्याकडून आलात की *साबणाने हात धुवा, मगच दुसऱ्या कामाला लागा.* नुसतं पाण्याने खळबळणं पुरेसं नाही. हाताला चीर किंवा जखम असेल तर पट्टी बांधून जा. पोरं लाडाने घोडीच्या तोंडाला तोंड लावतात, तेवढं महिनाभर बंद ठेवा. लीद ताजी असताना भाजीच्या वाफ्यात टाकू नका, खड्ड्यात नीट कुजू द्या. ड्रेसिंगचा कापूस आणि पट्ट्या उकिरड्यावर न फेकता जाळून किंवा खोल पुरून टाका, कुत्री ओढत नेतात.

आता आपल्याकडची जुनी खोड. गाईच्या कासदाहाच्या वेळची अर्धी बाटली फळीवर पडलेली असते. घोडीची जखम जरा ओली दिसली की तीच टोचायची. असं करू नका. अर्धवट डोसने जंतू मरत नाहीत, उलट सरावतात. शिवाय गाईला चालणारं प्रत्येक औषध घोड्याला चालत नाही. *लिंकोमायसिन घोड्याच्या पोटात गेलं तर जीवघेणी हगवण लागते.* आणि गाईला अँटिबायोटिक दिलं असेल तर लेबलवर लिहिलेले दिवस दूध डेअरीला घालू नका, हे पुन्हा सांगतो.

कोलिस्टिनवर केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये बंदी घातली. दूध-मांस-अंड्यांसाठी पाळलेल्या जनावरांना, कोंबड्यांना, माशांना आणि त्यांच्या खाद्यात ते चालत नाही. माणसावर दुसरं काही लागू पडेनासं झालं की डॉक्टर ते काढतात, म्हणून ही बंदी. कुणी जुना साठा गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

जखम चार-पाच दिवसांत सुकायला लागली नाही, वास यायला लागला, किंवा टाक्यातून पू आला तर औषध बदलायच्या आधी डॉक्टरांना पू तपासायला पाठवायला सांगा. या तपासणीला कल्चर-सेन्सिटिव्हिटी म्हणतात. कोणतं औषध लागू पडेल ते त्यातून कळतं. *नवीन इंजेक्शन टोचण्याआधी नमुना घ्यायचा,* नंतर घेतला तर निकाल फसवा येऊ शकतो. नमुना कुठे पाठवायचा ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

डिस्चार्जचा कागद जपून ठेवा. कोणतं औषध किती दिवस दिलं ते त्यावर असतं. फोटो काढून मोबाईलमध्येही ठेवा, पुढच्या डॉक्टरांना पहिला तोच दाखवा. फिरतं पशुवैद्यकीय पथक हवं असेल तर 1962 वर फोन लावा आणि जनावर अलीकडे भरती होतं हे फोनवरच सांगा.