सामायिक संगणक आणि आकडेवारीचा अभ्यास : विद्यार्थी व पालकांसाठी एक ओळख

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की आमच्या अभ्यासिकेत पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "पोराला संख्याशास्त्राला ॲडमिशन मिळाली. आता भारीतला लॅपटॉप पाहिजे म्हणतो. कर्ज काढू का?" घाटकोपरच्या डोंगरावर किंवा मुलुंडच्या चाळीत एका खोलीत राहणारे आईवडील हा प्रश्न विचारतात, तेव्हा त्याचे उत्तर जबाबदारीने द्यावे लागते. मुलाच्या शिक्षणासाठी ते कर्ज काढतीलही. पण ते काढण्याची खरोखर गरज आहे का, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे उत्तर थोडक्यात असे आहे : आकडेवारीचा अभ्यास करण्यासाठी शक्तिमान संगणक स्वतःच्या घरी असलाच पाहिजे असे नाही. तो विद्यापीठात असला आणि आपल्याला तेथपर्यंत पोहोचण्याची वाट असली, तरी काम भागते. या वाटेलाच सामायिक संगणक सेवा म्हणतात.

ही कल्पना काही आजची नव्हे. १९६४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा त्या काळचा मोठा संगणक बसला. इतर संस्थांचे संशोधकही त्यावर आपले काम करून घेत. पण पद्धत कशी? छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे आणि मग छापील उत्तर घ्यायचे. एका कार्डात चूक निघाली की पुन्हा गठ्ठा, पुन्हा रांग. त्याच १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी निराळा मार्ग काढला. एकाच संगणकाला अनेक टंकयंत्रे जोडायची आणि संगणकाने प्रत्येकाला क्षण-क्षण वेळ वाटून द्यायचा. त्यामुळे विद्यार्थ्याने प्रश्न टाइप केला की उत्तर तेथल्या तेथे मिळू लागले. सर्वसामान्य विद्यार्थ्याला जमावी म्हणून 'बेसिक' ही सोपी संगणक भाषाही त्यांनी तयार केली. संगणकाशी अशा रीतीने प्रश्नोत्तर करीत काम करणे, यालाच संवादी पद्धत म्हणतात.

आपल्या उपनगरांचाही या इतिहासात वाटा आहे. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'एर्नेट' हे शिक्षणसंस्थांना जोडणारे जाळे उभारण्यास घेतले. त्यात जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था आणि पवईची आय.आय.टी. या दोन्ही सहभागी होत्या. सामान्य नागरिकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे जी वाट आधी मोजक्या संस्थांपुरती होती, ती पुढे आपल्या दारापर्यंत आली. आता त्या वाटेने चालायचे कसे, हे पाहू.

सेवा चालते कशी?

आज विद्यापीठांत या कामासाठी बहुधा 'ज्युपिटर' नावाची प्रणाली वापरली जाते. फर्नांडो पेरेझ या संशोधकाने २००१ साली सुरू केलेल्या 'आयपायथन' या कामातून ती वाढली आणि २०१४ साली तिला हे नाव मिळाले. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन संगणक भाषांच्या नावांवरून ते तयार झाले आहे. प्रणाली मुक्त आहे. तिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. ती एकाच वेळी अनेकांना वापरता यावी म्हणून जी व्यवस्था केलेली असते, तिला 'ज्युपिटरहब' म्हणतात. अमेरिकेच्या बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१५ साली सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी आकडेवारीशास्त्राचा पायाभूत अभ्यासक्रम सुरू केला, तो याच व्यवस्थेवर. विद्यार्थ्याकडे यंत्र कोणतेही असो, सर्वांसमोर सारखीच वही उघडते. त्या अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तकही इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते.

विद्यार्थ्याने करावयाचे काम असे : ब्राउझर उघडून संस्थेने दिलेल्या पत्त्यावर जायचे, नाव आणि पासवर्ड द्यायचा. तिकडे विद्यापीठाचा सर्व्हर आपल्या नावाने एक छोटी जागा उघडतो. तिचे दोन भाग लक्षात ठेवावेत. एक म्हणजे फाइली ठेवण्याचे कपाट. ते कायम राहते. दुसरा म्हणजे आकडेमोड करणारा भाग, ज्याला 'कर्नल' म्हणतात. त्याची आठवण तात्पुरती असते. बराच वेळ काही काम केले नाही, तर संस्थेने ठरविलेल्या मुदतीनंतर तो बंद केला जातो. कपाटातील वही शाबूत राहते. मात्र मनात धरलेले आकडे पुसले जातात आणि ते काम पहिल्यापासून पुन्हा चालवावे लागते.

पडद्यावर जी वही दिसते, तिच्यात कप्पे असतात. एका कप्प्यात आज्ञा लिहायची, शिफ्ट आणि एंटर ही बटणे एकदम दाबायची, की त्याच कप्प्याखाली उत्तर येते. मध्येच साध्या भाषेत टिपणही लिहिता येते, अगदी मराठीतसुद्धा. प्रश्न, आकडेमोड, उत्तर आणि आपले विवेचन एकाच कागदावर राहते. आपल्या यंत्राने फक्त पडदा आणि बटणे पुरवायची; मेहनत विद्यापीठाचा सर्व्हर करतो. म्हणूनच जुना, मंद संगणकही या कामाला पुरतो. मोबाइलवरही वही उघडते, परंतु बोटांनी आज्ञा लिहिणे जिकिरीचे होते.

एक उदाहरण

जनगणनेचे आकडे घेऊ. २००१ साली मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ८६,४०,४१९ होती. २०११ साली ती ९३,५६,९६२ झाली. मुंबई शहर जिल्ह्याची २००१ साली ३३,३८,०३१ होती. २०११ साली ३०,८५,४११ झाली. हे चार आकडे पहिल्या कप्प्यात लिहा. दुसऱ्या कप्प्यात नव्यातून जुना वजा करून जुन्याने भागा व शंभराने गुणा. उत्तर येईल : उपनगर सुमारे ८.३ टक्क्यांनी वाढले, शहर सुमारे ७.६ टक्क्यांनी घटले.

येथे संवादी पद्धतीचा खरा उपयोग कळतो. उत्तर पाहताच मनात पुढचा प्रश्न येतो : स्त्रियांचे प्रमाण किती? २०११ साली उपनगरात पुरुष ५०,३१,३२३ आणि स्त्रिया ४३,२५,६३९. तिसऱ्या कप्प्यात भागाकार करा. दर हजार पुरुषांमागे ८६० स्त्रिया येतात. शहर जिल्ह्यात हाच आकडा ८३२ आहे. मग वाटते, कामासाठी एकटे आलेले पुरुष शहरात जास्त आहेत काय? त्यासाठी वयाची आणि स्थलांतराची कोष्टके हवीत. ती आणा आणि चौथा कप्पा उघडा.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरत गेले, हे आपल्या अनेक घरांनी सोसलेले आहे. परंतु शहराची लोकसंख्या त्यामुळेच घटली, असे या चार आकड्यांवरून सिद्ध होत नाही. संगणक भागाकार करून देतो. कारण शोधणे हे आपले काम आहे.

विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा असा एक छोटा अभ्यास सांगतो. २०११ च्या जनगणनेत भारतात बौद्धांची नोंद ८४,४२,९७२ आणि महाराष्ट्रात ६५,३१,२०० झाली. महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. देशातील किती टक्के बौद्ध महाराष्ट्रात आहेत, आणि राज्याच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण किती? उत्तरे अनुक्रमे सुमारे ७७.४ आणि ५.८ आली पाहिजेत. न आल्यास कप्पा तपासा.

आमची चूक

आता आमची स्वतःची फजिती सांगतो, कारण तिच्यातून शिकण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांना प्रवास, पुस्तके आणि फी यांसाठी वर्षाकाठी किती खर्च येतो, याचे एक निवेदन आम्ही एका कार्यालयाला देणार होतो. शिष्यवृत्ती उशिरा मिळाली की हा खर्च घरच्यांना उसनवारीने भागवावा लागतो, हे आम्हाला आकड्यांनी दाखवायचे होते. मुलांकडून मासिक खर्चाच्या चिठ्ठ्या घेतल्या, आकडे वहीत भरले आणि एका कप्प्यात बाराने गुणून वार्षिक खर्च काढला. काही वेळाने दुसरा बदल करताना तोच कप्पा पुन्हा चालविला गेला. वार्षिक झालेला आकडा आणखी एकदा बाराने गुणला गेला, म्हणजे मासिक खर्चाच्या एकशे चव्वेचाळीस पट झाला. पडद्यावर चुकीची कोणतीही सूचना आली नाही; यंत्राच्या दृष्टीने गुणाकार बरोबरच होता.

निवेदन टाइप झाले होते. सहीपूर्वी ते रेल्वेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका काकांनी वाचले आणि चष्मा वर करून म्हणाले, "बाळांनो, लोकलच्या पासाला एवढे पैसे लागले असते, तर आम्ही बोरिवलीहून चर्चगेटला चालतच गेलो असतो." सर्वजण हसले, पण आमच्या अंगावर काटा आला. तो कागद तसाच गेला असता, तर पुढे आमच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवला नसता, आणि नुकसान विद्यार्थ्यांचे झाले असते.

तेव्हापासून आम्ही तीन नियम पाळतो. पहिला, मूळ आकड्यांवर नवे आकडे कधीही लिहायचे नाहीत. मासिक खर्चाला एक नाव, वार्षिक खर्चाला दुसरे. दुसरा, काम संपल्यावर कर्नल नव्याने सुरू करून सर्व कप्पे वरपासून खालपर्यंत क्रमाने चालवायचे आणि तेच उत्तर येते का, ते पाहायचे. तिसरा, एका तरी विद्यार्थ्याचा हिशेब कागदावर हाताने करून ताळा घ्यायचा.

सामायिक वस्तूची शिस्त

चाळीचा नळ आठवा. एकाने पाइप लावून नळ अडवून धरला, तर बाकीच्यांचे हंडे कोरडे राहतात. सामायिक सर्व्हरचेही तसेच आहे. त्याची मेमरी सर्वांत वाटलेली असते. पूर्ण फाइल एकदम न उघडता आधी थोड्या ओळी उघडून पाहाव्यात, लागणारेच स्तंभ घ्यावेत आणि काम झाले की आपला सर्व्हर स्वतः बंद करावा. सादरीकरणाच्या आदल्या रात्री सर्वांचीच गर्दी होते, म्हणून काम आधी उरकावे. अभ्यासक्रम संपल्यावर खाते बंद होऊ शकते. यास्तव आपल्या वह्या वेळोवेळी उतरवून घ्याव्यात.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुसऱ्याची माहिती. नाव, आधार क्रमांक, जातीच्या दाखल्याचा क्रमांक किंवा फोन नंबर सामायिक सर्व्हरवर चढवू नये. चिठ्ठ्यांना अनुक्रमांक द्यावेत आणि नावांची यादी संस्थेच्या कपाटात कुलपात ठेवावी. ज्याने विश्वासाने घरची परिस्थिती सांगितली, त्याची परिस्थिती चारचौघांत उघडी पडता कामा नये.

सोय कोठे मिळेल?

प्रथम आपल्या महाविद्यालयात विचारावे. अशी सेवा असूनही विद्यार्थ्यांना ठाऊक नसते, असे होते. पवईच्या आय.आय.टी.च्या 'फॉसी' प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे ब्राउझरमध्येच चालविता यावीत म्हणून 'सायलॅब ऑन क्लाउड' ही सेवा उभी केली. तेथीलच 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमाने मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे ध्वनिचित्र पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले आहेत. विद्यापीठाची सोय नसेल, तर गुगलची 'कोलॅब' ही ज्युपिटरसारखीच सेवा मर्यादित प्रमाणात विनामूल्य मिळते. आकडेवारीसाठी जनगणनेची कोष्टके आहेत. शिवाय आपल्याच देवनारमध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, ६,३६,६९९ कुटुंबांकडून माहिती घेतली गेली.

संस्थांसाठीही एक सूचना आहे. शंभरपर्यंत वापरकर्त्यांसाठी एकाच सर्व्हरवर बसविता येणारी ज्युपिटरहबची छोटी आवृत्ती विनामूल्य मिळते. चार-पाच अभ्यासिकांनी मिळून एक सर्व्हर आणि एक जाणकार विद्यार्थी एवढी जमवाजमव केली, तरी अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या मुलांची सोय होईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्याची पाने चाळली, तर किमतींची आणि विनिमय दरांची कोष्टकांमागून कोष्टके दिसतात. त्या काळी अशा संगणकाची सोय नव्हती. आकडे तपासून मगच विधान करायचे, ही शिस्त मात्र होती. यंत्र आज सामायिक झाले आहे. शिस्त ज्याची त्यानेच कमवावी लागते.

तेव्हा पालकहो, कर्ज काढण्यापूर्वी मुलाला घेऊन एकदा अभ्यासिकेत या. तेथील जुन्या संगणकावर वरचे चार आकडे त्याला स्वतः मांडू द्या. उत्तर पाहून त्याने पुढचा प्रश्न विचारला, तर त्याचे शिक्षण सुरू झाले असे खुशाल समजा.