ताप उतरल्यावर धाप का लागते? फ्लू आणि फुफ्फुसातले मायक्रोआरएनए

फ्लूचा पेशंट तिसऱ्या-चौथ्या दिवशी जरा बरा दिसतो. ताप उतरतो, चहा-बिस्किटं मागतो. आणि एखाद्याची नेमकी त्याच रात्री धाप वाढते. नातेवाईक विचारतात, "सिस्टर, ताप तर गेला ना, मग हे काय?" मुंबईत वॉर्डात होते तेव्हा आम्ही सांगायचो, इन्फेक्शन छातीत उतरलंय. ते खोटं नव्हतं, वरून जिवाणूंचा न्यूमोनिया होतोच कधी कधी. पण काही पेशंटांत विषाणू कमी होत आलेला असतो, आणि फुफ्फुसाचं नुकसान चालू असतं ते शरीराच्या स्वतःच्याच बंदोबस्तामुळे. हा बंदोबस्त आवरणाऱ्यांपैकी एक म्हणजे मायक्रोआरएनए. मुलीकडे सिंगापूरला राहायला आल्यापासून ह्या विषयावर जे मिळेल ते वाचते आहे.

आधी पेशीचं काम समजून घेऊ. आपल्या बेने इस्राएल घरांतून नर्सिंगला गेलेल्या मुली पुष्कळ, त्यांना इंडेंट म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते: वॉर्डाला सामान हवं असलं की चिठ्ठी लिहून स्टोअरला पाठवायची, तिला इंडेंट म्हणतात. पेशीत मूळ दप्तर म्हणजे डीएनए, ते जागचं हलत नाही. त्यातून उतरवलेली चिठ्ठी म्हणजे आरएनए. ती बाहेर जाते आणि तिच्याबरहुकूम प्रथिनं तयार होतात. मायक्रोआरएनए हे जेमतेम २२ अक्षरांचे तुकडे. त्यांच्यापासून प्रथिन होत नाही. ते चिठ्ठीवर जाऊन बसतात आणि ती अडवतात, कडक मेट्रन इंडेंटवर रेघ मारायची तसं. एकच मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या चिठ्ठ्या अडवू शकतो.

व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकुन ह्यांनी १९९३ मध्ये हे एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्यात शोधलं. किड्याचं कोणाला काय! २००० साली असाच दुसरा एक तुकडा माणसातही सापडला, तेव्हा लोक जागे झाले. दोघांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये.

आता फ्लूचा विषाणू. तो श्वासनलिकेच्या आणि फुफ्फुसाच्या पेशींत शिरतो. त्याचं दप्तरही आरएनएचंच, आठ तुकड्यांचं. पेशीला परका आरएनए ओळखता येतो. मग आत निरोप धावतात, इंटरफेरॉन बनतं, रक्तातून पांढऱ्या पेशी बोलावल्या जातात. हे झालंच पाहिजे, नाहीतर विषाणूला मोकळं रान. पण ते थांबलंही पाहिजे. थांबलं नाही तर वायुकोशांत पाणी भरतं, मग ऑक्सिजन लावूनही पेशंटचं बोट निळंच.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींना प्रयोगशाळेत फ्लूची लागण केली, आणि काही ठरावीक मायक्रोआरएनए वाढलेले त्यांना दिसले. त्यातला मिर-१४६ए महत्त्वाचा. धोक्याचा निरोप पुढे नेणारं आयआरएके-१ नावाचं प्रथिन आहे, त्याचीच चिठ्ठी हा अडवतो. म्हणजे ज्या गडबडीत तो वाढतो, त्याच गडबडीला तो लगाम घालतो. लगाम लवकर पडला तर विषाणूचं फावतं, उशिरा पडला तर फुफ्फुसाचे हाल.

काही मायक्रोआरएनए थेट विषाणूच्याच आरएनएवर बसून त्याची वाढ रोखतात, असंही २०१० मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींत दिसलं होतं. माझी त्यावर फारशी भिस्त नाही. फ्लूचा विषाणू इतक्या झपाट्याने आपलं रूप बदलतो की ती बसायची जागाच उद्या राहील कशावरून?

सिंगापूरला हा आजार परका नाही. इथे थंडी नाही तरी फ्लू बारा महिने असतो, वर्षाच्या मध्याला आणि पुन्हा वर्षअखेरीस वाढतो. १९५७ च्या आशियाई फ्लूच्या विषाणूचा एक नमुना तर सिंगापूरच्याच नावाने नोंदलेला आहे. २००९ मध्ये एच१एन१ची साथ आली. त्या फ्लूच्या पेशंटांचं रक्त इथल्या नॅशनल युनिव्हर्सिटीच्या डॉ. पॉल तंबाया आणि सहकाऱ्यांनी तपासलं, ते २०१३ मध्ये छापून आलं. निरोगी माणसांच्या तुलनेत १४ मायक्रोआरएनए ठळकपणे बदललेले होते. त्यातले सहा रक्तातही बदललेले आणि लागण केलेल्या पेशींतही. पेशीतल्या घडामोडीची खूण दंडातून काढलेल्या रक्तात मिळते, ही गोष्ट मला नर्स म्हणून मोठी वाटते.

मात्र इथे एक फरक नीट लक्षात घ्या. ह्या अभ्यासाने आजारी कोण आणि निरोगी कोण, हे वेगळं केलं. आजाऱ्यांतला कोण उद्या रात्री बिघडणार, हा वॉर्डातला खरा प्रश्न. त्यासाठी एकाच पेशंटचं रक्त पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या दिवशी घेऊन पाहावं लागेल. रक्तातले मायक्रोआरएनए मोजणं आता अशक्य राहिलेलं नाही. इथल्याच मिरेक्सेस कंपनीची १२ मायक्रोआरएनए मोजून पोटाच्या कॅन्सरचा धोका सांगणारी तपासणी २०१९ मध्ये मंजूर झाली आहे.

घरी करण्यासारखं मात्र जुनंच आहे. फ्लू झालेल्या माणसाचा ताप उतरला तरी तो झोपलेला असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. २५ वर गेले किंवा ओठ निळसर वाटले, तर सकाळ होण्याची वाट बघू नका, त्याच वेळी हॉस्पिटलात न्या.