नखे पाहा, प्रकृती ओळखा



मिस्सेत ख्रिस्तशरीर देताना तुमचे हात माझ्यासमोर येतात. चिखलाने काळवंडलेल्या नखांची लाज बाळगू नका. पण घरी ती धुऊन उजेडात जरूर पाहा.

हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. जूनमध्ये कडक ताप येऊन गेला, तर त्याची आडवी खोबण सप्टेंबरात नखाच्या मध्यावर दिसू शकते. ती पुढे सरकत निघून जाते. वयपरत्वे उभ्या रेघा उठतात, त्यांची चिंता नको. मात्र नखे फिकट, चमच्यासारखी खोलगट झाली, तर अंगात लोह कमी असू शकते. अनवाणी चालताना मातीतून शिरणारे अंकुशकृमी हेही त्याचे एक कारण. बोटांची टोके फुगून नखे गोल वळली, तर छाती तपासून घ्यावी. मार न लागता एकाच नखावर काळी रेघ उमटून रुंदावत गेली, तर क्वचित तो कर्करोगही असतो.

तांबडी भाजी, अळसांदे खा, वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको. पण नुसत्या नखावरून घरी निदान करू नका. विशेषतः भगिनींनो, लावणी आटोपण्याची वाट न पाहता पेडणे वा डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. वैद्यही देवानेच दिला आहे, असे पवित्र शास्त्र सांगते.