नववीची सैनिक शाळा प्रवेश परीक्षा : मराठी माध्यमाच्या मुलांनी तयारी कोठून करावी?

राजहंसगडाच्या पायथ्याशी वसलेल्या येळ्ळूरसारख्या सीमाभागातील गावांत मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलांना सैनिक शाळेची दारे दोनदा उघडतात : सहावीला आणि नववीला. सहावीची संधी हुकली की 'नववीला पाहू' असे पालक सहज म्हणतात. मात्र या दोन परीक्षांत एक मूलभूत फरक आहे. सहावीची प्रश्नपत्रिका मराठीतून सोडविता येते. नववीची केवळ इंग्रजीतूनच.

नववीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ मार्च रोजी वय १३ ते १५ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. १५० बहुपर्यायी प्रश्न, ४०० गुण आणि १८० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नास सरासरी ७२ सेकंद. निम्मे, म्हणजे २०० गुण एकट्या गणिताचे. इंग्रजी, बुद्धिमत्ता, सामान्य विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांना प्रत्येकी ५० गुण. साधारणतः प्रत्येक विषयात किमान २५ टक्के आणि एकूण ४० टक्के गुण आवश्यक असतात. त्यामुळे केवळ गणिताच्या बळावर निभाव लागत नाही; इंग्रजीच्या २५ प्रश्नांपैकी निदान सात बरोबर यावेच लागतात.

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतील मूल पाचवीपासून बहुधा इंग्रजी माध्यमाकडे वळते. येळ्ळूरचे मूल मात्र दहावीपर्यंत मराठीतून शिकू शकते, शिवाय कन्नडही अभ्यासते. चक्रवाढ व्याजाचे गणित त्याला येते. पण 'कंपाउंड इंटरेस्ट' हा शब्द वाचून ते अडखळते. ही उणीव बुद्धीची नसून परिभाषेची आहे.

म्हणून तयारी सातवीतच सुरू व्हावी. गणित व विज्ञानाच्या प्रत्येक धड्यातील संज्ञा मराठी-इंग्रजी जोडीने वहीत लिहाव्यात. एनसीईआरटीची आठवीपर्यंतची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांतील रोज दहा उदाहरणे इंग्रजीतून वाचून सोडवावीत. आठवीत घड्याळ लावून सराव करावा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

निवड झाली नाही, तरी ही वही वाया जात नाही. दहावीनंतर विज्ञान शाखेत गेल्यावर हीच परिभाषा समोर येते. माध्यम बदलण्यापेक्षा शब्दांचा हा पूल वेळेत बांधणे अधिक श्रेयस्कर.