फार्मसी म्हणजे फक्त मेडिकल स्टोअर नव्हे: लहान मुलांच्या औषधांचा हिशेब ठेवणारं करिअर

आपल्या घरांत बारावी सायन्स म्हटलं की नीट, आणि नीट हुकली की "आता काय?" फार्मसीचं नाव काढलं तर डोळ्यांसमोर येतो तो मेडिकलचा काउंटर. म्हणून आज आम्ही एका वेगळ्या कामाची ओळख करून देतोय. ते काम म्हणजे पीडियाट्रिक क्लिनिकल फार्मासिस्ट, हॉस्पिटलच्या वॉर्डात लहान मुलांच्या औषधांवर लक्ष ठेवणारा तज्ज्ञ.

गरज काय, ते घरातल्याच औषधावरून पाहू. पॅरासिटामॉलच्या एका सिरपमध्ये 5 मिलीत 120 मि.ग्रॅ. औषध असतं, दुसऱ्यात 250. थेंबांच्या बाटलीत तर 1 मिलीतच 100 मि.ग्रॅ. मुलांचा डोस वजनावर ठरतो. किलोमागे 15 मि.ग्रॅ. धरले, तर 10 किलोच्या बाळाला 150 मि.ग्रॅ. लागतं. म्हणजे पहिलं सिरप सव्वासहा मिली, दुसरं 3 मिली आणि थेंब फक्त दीड मिली. बाटली बदलली पण माप 5 मिलीच राहिलं, तर थेंबांतून 500 मि.ग्रॅ. पोटात जातं.

नवजात बाळांच्या बाबतीत धोका आणखी मोठा. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. 1950च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकमुळे नवजात बाळं दगावली, कारण त्यांच्या कोवळ्या यकृताला ते औषध पेलवत नव्हतं. म्हणूनच हा फार्मासिस्ट डॉक्टरांसोबत राउंड घेतो, डोस पुन्हा मोजतो, औषधं एकमेकांना बाधतात का ते तपासतो आणि आईला माप समजावतो. औषध लिहून देण्याचा अधिकार मात्र डॉक्टरांचाच.

यासाठीचा रस्ता म्हणजे फार्म.डी. भारतात हा कोर्स 2008 साली सुरू झाला. पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, अशी एकूण सहा वर्षं. महाराष्ट्रात प्रवेश एमएचटी-सीईटीतून होतो, नीट लागत नाही. बी.फार्म. झालेल्यांसाठी तीन वर्षांचा वेगळा मार्ग आहे. कोर्स सगळ्याच कॉलेजांत नसतो, त्यामुळे फार्मसी कौन्सिलची मान्यता आणि जोडलेलं हॉस्पिटल आधी बघा. अमेरिकेत फार्म.डी.नंतर खास बालरुग्णांसाठी रेसिडेन्सी करता येते. आपल्याकडे ही हातोटी बरीचशी मुलांच्या वॉर्डात काम करूनच येते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: अशा जागा प्रामुख्याने मोठ्या हॉस्पिटलांत असतात, गावोगावी नाहीत. पण याच शिक्षणावर फार्मसी कॉलेजात शिकवताही येतं. वॉर्डात काम केलेला शिक्षक वर्गात उभा राहिला, की पुढे काउंटरवर बसणारा त्याचा विद्यार्थीही बाटली देण्याआधी विचारतो, "बाळाचं वजन किती?"

तोवर पालकांनी एवढं करावं: वरचं गणित फक्त समजण्यासाठी आहे, डोस डॉक्टरांनाच विचारा. औषध घेताना बाळाचं वजन सांगा आणि घरच्या चमच्याऐवजी बाटलीसोबतचं माप वापरा.