अल्कली : एका शब्दाचा प्रवास

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुम्ही पाहिले असेल. निदान त्याचे नाव तरी ऐकले असेल. उल्कापाताने झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्यातील पाणी नुसते खारट नाही. तांबडा लिटमस कागद त्यात बुडवला, तर तो निळा होतो. अशा पाण्याला विज्ञानाच्या पुस्तकात 'अल्कधर्मी' म्हणतात. हा शब्द 'अल्कली'वरून आला. मग 'अल्कली' कोठून आला?

हा शब्द मुळात अरबी आहे : अल्-कली. यातील 'कली' दोन ठिपक्यांच्या काफने लिहितात, म्हणून फुलाच्या कलीशी त्याचा संबंध नाही. त्याच्या धातूचा अर्थ आहे भाजणे, तळणे. तुमच्या घरी होणारा 'कलिया' याच कुळातला आहे. खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या काही वनस्पती जाळून त्यांची राख करीत. त्या राखेला 'कली' म्हणत. ती पाण्यात भिजवून, गाळून, आटवली की क्षार मिळे. त्याचा उपयोग साबण आणि काच करण्यासाठी होई.

मध्ययुगात अनेक अरबी ग्रंथांची लॅटिनमध्ये भाषांतरे झाली. युरोपीय लोकांनी 'अल' हा शब्दाचाच भाग समजून तो तसाच ठेवला. म्हणून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश या भाषांत थोड्याफार फरकाने 'अल्कली' हाच शब्द आढळतो. 'अल्-जब्र'चे 'अल्जिब्रा' झाले, तेही असेच.

आता एक कोडे सोडवू. पोटॅशियमचे चिन्ह 'पी' नसून 'के' का? १८०७ मध्ये हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने पोटॅशपासून हा धातू वेगळा केला. 'पॉट' म्हणजे भांडे आणि 'ॲश' म्हणजे राख. त्यावरून त्याने 'पोटॅशियम' हे नाव दिले. जर्मन लोकांनी मात्र 'कली'वरून 'कालियम' हे नाव घेतले. चिन्हातील 'के' त्याच नावाचे पहिले अक्षर आहे. सोडियमचेही तसेच. त्याचे 'एनए' हे चिन्ह 'नाट्रियम'वरून आले आणि 'नाट्रियम'च्या मागे अरबी 'नतरून' हा शब्द आहे.

लोणारच्या पाण्यात याच सोडियमचे क्षार विपुल आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल यांनी फारसी भाषेत 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यातही लोणारचा उल्लेख असून, तेथे काच व साबण यांसाठी लागणारे पदार्थ मिळतात असे सांगितले आहे.

तेव्हा मूलद्रव्यांची चिन्हे केवळ घोकून पाठ करू नका. त्यांची मूळ नावे शोधा. परका वाटणारा एखादा शब्द तुमच्या घरच्या भाषेचा जुना नातेवाईक निघेल, आणि मग तो विसरणे कठीण जाईल.