जिन्याखालची सायकल

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्याला फार वर्षे लोटलेली नाहीत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. कारकून कॅरिअरला डबा अडकवून कचेरी गाठत, प्राध्यापक विजारीला क्लिप लावून महाविद्यालयात जात, आणि पेठेतले मुनीम वसुलीची वही पिशवीत घालून सायकलीवरूनच गावभर फिरत. सायकलीवर नगरपालिकेचा कर असे. तो भरल्याची खूण म्हणून बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा मागे कोणी डबलसीट बसलेले दिसले की चौकातला पोलीस हटकत असे. मुलांना तासाच्या भाड्याने सायकल मिळे. मोठ्या काळ्या सायकलीच्या आडव्या नळीखालून पाय घालून, अर्धे अर्धे पायडल मारत ती शिकत, आणि गुडघे फोडून घेत. नगर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर येथेही चित्र फारसे निराळे नव्हते.

मग ती गेली कोठे? १९७२ हे साल या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी बजाजची चेतक स्कूटर आली आणि त्याच वर्षी फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. लूनाने शिक्षिका, परिचारिका, गृहिणी यांना पायडल मारण्याच्या कष्टातून सोडवले. ही सुटका खरी होती, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. दोन्ही वेळचे मिळून पंधरा-वीस किलोमीटर उन्हातान्हात काळी सायकल रेटणाऱ्याला तिच्यात काव्य दिसत नसते. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. सायकल ही गरजवंताची, ऐपत नसलेल्याची वस्तू ठरली. मुलाच्या स्थळाची चौकशी करताना ‘गाडी आहे का’ हा प्रश्न येऊ लागला आणि सायकल जिन्याखाली गेली. तिचा त्याग झाला तो पायांतले बळ सरल्यामुळे नव्हे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्याकडे परतणाऱ्यांचा प्रवास नीट उमगतो.

परतणारा माणूस बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो आणि त्याच्या हाती रक्ततपासणीचा कागद असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची सुमारे १३.६ कोटी असल्याचा अंदाज दिला. दुकान, पेढी, कार्यालय यांत बसून व्यवहार करणाऱ्या घरांना या आकड्यांचे नवल वाटू नये. सकाळी नऊला गादीवर बसलेला व्यापारी रात्री नऊला उठतो. मध्ये हात चालतात, जीभ चालते, डोके चालते, पाय मात्र दिवसभर स्वस्थ असतात. डॉक्टर चालायला सांगतात. तो महिनाभर चालतो, आणि मग गुडघा कुरकुर करू लागतो.

सायकलीचे महत्त्व येथे येते. चालताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार गुडघ्यावर आदळतो. सायकलीवर त्यातला मोठा भाग सीट उचलते. सांधा हलतो, त्याभोवतीचे स्नायू बळकट होतात, पण आघात होत नाही. अमेरिकेतील २,६०७ स्त्री-पुरुषांच्या सांध्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी ना कधी नियमित सायकल चालवलेल्यांमध्ये गुडघ्याच्या वारंवार दुखण्याची तक्रार न चालवलेल्यांपेक्षा सुमारे १७ टक्के कमी आढळली. मांडीचे स्नायू शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी आहेत, आणि काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो. गादीवरून उठलेल्या माणसाला याहून सोपे औषध कोणते द्यावे?

उशीर झाला असे वाटणाऱ्यांसाठी डेन्मार्कमधील एक अभ्यास अधिक मोलाचा आहे. तेथे ५० ते ६५ वयाच्या पन्नास हजारांहून अधिक लोकांचा मागोवा सरासरी चौदा वर्षे घेतला गेला आणि निष्कर्ष २०१६ मध्ये मांडले गेले. पहिल्या तपासणीच्या वेळी सायकल न चालवणारे, पण पुढच्या पाच-एक वर्षांत ती सुरू केलेले जे लोक होते, त्यांना मधुमेह होण्याचा धोका कधीच न चालवणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी दिसला. म्हणजे साठीच्या आसपास धरलेले हँडलही फळते. अर्थात हे सारे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत. सायकल चालवणारा मुळातच काहीसा निरोगी आणि जेवणाखाणाच्या बाबतीत दक्ष असू शकतो. संशोधक त्याचा हिशेब धरतात, तरी तो पुरता सुटत नाही. शिवाय कोपनहेगनचा रस्ता आणि आपल्या गावचा रस्ता यांत जे अंतर आहे, ते कोणत्याही टक्केवारीत मावत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. रक्ततपासणीच्या भीतीने माणूस सायकलीवर बसतो खरा, पण भीती फार दिवस टिकत नाही. औषधांनी साखर आटोक्यात आली, पावसाळा लागला, घरात लग्नकार्य निघाले की सायकल पुन्हा जिन्याखाली जाते. जे दोन-चार वर्षे टिकतात त्यांना विचारले, तर ते प्रकृतीचे नाव क्वचितच घेतात. ते पहाटेच्या वाऱ्याविषयी बोलतात, सिंहगडाच्या पायथ्याशी होणाऱ्या गप्पांविषयी बोलतात, मोटारीतून वीस वर्षे जाऊनही न दिसलेल्या ओढ्याविषयी बोलतात. सुरुवात करवणारे कारण आणि टिकवून धरणारे कारण वेगवेगळे असते. व्यायामाचे बहुतेक सल्ले पहिल्यावरच थांबतात, ही त्यांची उणीव आहे.

टिकवून धरणाऱ्या कारणांत सोबतीचा क्रम पहिला लागावा. महाराष्ट्रात आज बहुतेक शहरांत सायकलप्रेमींचे गट आहेत. पहाटे साडेपाचला चौकात चौघे थांबलेले आहेत हे ठाऊक असताना पांघरूण ओढून घेणे अवघड जाते. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते आणि तिच्यात पांढऱ्या केसांची मंडळी कमी नसतात. याच नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा ही सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. अशी कामगिरी करणारा तो पहिला भारतीय संघ. दोघेही व्यवसायाने डॉक्टर. पुढे २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. रुग्णाला ‘हालचाल करा’ असे सांगणारेच स्वतः सायकलीवर दिसू लागल्यावर त्या सल्ल्याला वजन आले.

अशा विक्रमांचे कौतुक करून सामान्य माणूस मात्र दूरच राहतो. त्याला ते आपले वाटत नाहीत. त्याच्या अधिक जवळची गोष्ट ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलसफरींची आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे, असा त्यांचा नियम. यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वेळेत पोहोचलेले सारे सारखेच. साडेतेरा तासांत २०० म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरही नाही. वेग तरुणाचा लागत नाही, धीर मात्र प्रौढाचा लागतो, आणि म्हणूनच पन्नाशीतली माणसे येथे विशीतल्यांच्या बरोबरीने मुक्कामाला पोहोचलेली दिसतात.

स्त्रियांची परत येण्याची कारणे थोडी निराळी आहेत. ज्या मुली १९७०-८० च्या दशकांत लेडीज सायकलीवरून शाळा-महाविद्यालयात गेल्या, त्यांपैकी बहुतेकींची सायकल लग्नाबरोबर सुटली. कोणी मनाई केली असेलच असे नाही. सासरी ती नव्हती, एवढेच. मुले मोठी झाल्यावर, रजोनिवृत्तीच्या सुमारास वजन आणि सांधे यांची तक्रार सुरू झाल्यावर ती पुन्हा आठवते. पण त्या पहाटेच्या तासाला दुसराही अर्थ असतो. तो घरातल्या कोणाच्याही चहा-डब्याचा नसतो. एक सावधगिरी मात्र त्यांनी घ्यावी. सायकल हृदय, स्नायू, साखर यांना उपयोगी पडते, परंतु तिच्यावर शरीराचा भार हाडांवर पडत नसल्याने हाडे त्यातून बळकट होत नाहीत. त्यासाठी चालणे, जिने चढणे, थोडे वजन उचलणे यांची जोड हवीच.

सायकल एकदा आली की जन्मभर विसरत नाही, असे म्हणतात आणि ते खरे आहे. तोल सांभाळण्याचे ज्ञान मेंदूच्या ज्या भागांत साठते तेथून ते सहजी पुसले जात नाही. तीस वर्षांनी बसलेला माणूस पन्नास पावलांत सरळ जाऊ लागतो. गंमत अशी की, घात करते तेही हेच स्मरण. लहानपणी पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवलेली असे. प्रौढ माणूस सवयीने तशीच ठेवतो. गुडघा नको तितका दुमडतो आणि पंधरवड्यात पुढून दुखू लागतो. पायडल अगदी खाली असताना गुडघ्यात किंचितच वाक उरावा, इतकी सीट वर हवी. दुसरी जुनी खोड म्हणजे जोर लावून पायडल दाबणे. बिनगिअरच्या काळ्या सायकलीवर दुसरा इलाज नव्हता. आज गिअर असतात. हलका गिअर घालून मिनिटाला साठ ते ऐंशी फेरे होतील असे पाय फिरवावेत. मागून येणाऱ्याला ‘वृद्ध माणूस भरभर पाय मारतोय’ असे वाटले तर वाटो. श्वासाचा वेग इतकाच असावा की सोबत्याशी बोलता येईल पण गाता येणार नाही. छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर तेथेच उतरावे. चाळिशीनंतर बऱ्याच खंडाने आरंभ करणाऱ्याने, विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घेणे इष्ट.

चौविहार पाळणाऱ्या घरांसाठी आणखी एक बाब आहे. सूर्यास्तापूर्वी जेवून नवकारसीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत, पोटात अन्न नसते आणि पाणीही नसते. अशा स्थितीत पहाटे निरोगी माणसाने अर्धा तास सावकाश सायकल चालवण्यात सहसा अडचण येत नाही. उन्हाळ्यात मात्र पाण्याची उणीव जाणवते. परंतु इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रिकाम्या पोटी चढ चढणे धोक्याचे आहे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची चिन्हे रहदारीत जाणवली, तर सावरायला वेळ मिळत नाही. अशांनी नवकारसी पाळून मग निघावे किंवा संध्याकाळच्या जेवणाआधीची वेळ निवडावी. उपवास-आयंबिलाच्या दिवशी सायकलीला सुट्टी द्यावी. उकळलेलेच पाणी घेणाऱ्यांनी बाटली घरून भरून न्यावी.

आता रस्त्याविषयी. प्रकृतीचे सारे लाभ एका धक्क्यात पुसले जाऊ शकतात. आपल्या देशात दरवर्षी हजारो सायकलस्वार रस्त्यावर प्राण गमावतात. मागचा लाल दिवा, शिरस्त्राण, उजळ रंगाचा सदरा ही किमान तयारी झाली; पण रस्ताच वैरी असेल तर ती किती पुरणार? नेदरलँड्सची हकीकत सांगण्यासारखी आहे. तेथेही मोटारी वाढल्या, सायकली मागे पडल्या, आणि १९७१ मध्ये तेवढ्याशा देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत शेकडो मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. १९७३ मध्ये तेलटंचाई आली. आणि सरकारने हळूहळू सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधले. आज दिसणारे डच सायकलवेड हे अशा निर्णयांतून आले आहे. पुण्यानेही सायकलमार्ग बांधले. त्यांवर आज मोटारी उभ्या राहतात, हातगाड्या लागतात, आणि कोठे कोठे मार्ग मध्येच संपून सायकलस्वाराला थेट बससमोर सोडतो. भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची योजना २०१७ च्या अखेरीस मोठ्या उत्साहात आली. मोडतोड आणि चोऱ्यांनी ती काही वर्षांतच आटली. पहाटे साडेपाचला सायकल चालवणाऱ्यांची गर्दी वाढते आहे आणि दुपारी बाराला बाजारात सायकलीने जाणारा मध्यमवर्गीय अजून विरळा आहे, यामागचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. पहाटे रस्ता मोकळा असतो.

नव्या उमेदवाराची पहिली चूक बहुधा दुकानात होते. तो पहिल्याच आठवड्यात चाळीस-पन्नास हजारांची सायकल, घट्ट कपडे आणि मनगटावरचे यंत्र घेऊन येतो, आणि सहा महिन्यांनी ते सारे विकायला काढतो. त्याऐवजी घरातली जुनी सायकल शेजारच्या मिस्त्रीकडे न्यावी. टायर-ट्यूब बहुतेक बदलावे लागतील, ब्रेकचे रबर तर नक्कीच. चेन रॉकेलने धुऊन तेल घालून घ्यावी, चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरून घ्यावे. याला पूर्वी ‘ओव्हरऑइल’ म्हणत आणि जुने मिस्त्री अजूनही म्हणतात. पहिला आठवडा सपाट रस्त्यावर रोज पंधरा मिनिटे, दुसरा वीस, असे करत महिनाभरात अर्ध्या तासावर यावे. आठवड्यातून पाच दिवस एवढे झाले की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दीडशे मिनिटे भरतात. दूध, भाजी, पोस्ट अशी एखादी जवळची खेप तिच्यावर टाकून पाहावी. महिना सरल्यावर नवी सायकल घ्यायची की नाही, ते गुडघेच सांगतील. जुन्या सायकलीची घंटा मात्र आधी वाजवून पाहावी. गंजून अडकली असेल तर तीही मिस्त्रीकडून मोकळी करून घ्यावी.